स्पिनर घरघरतो, फिरत नाही

कपडे धुण्याचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक, दोन टबांचं (एक धुण्याचा, एक पिळायचा, म्हणजे स्पिनर), ७ किलोचं. २०१५ च्या दिवाळीत घेतलेलं. जागा: लातूर, घरामागची पडवी, मोरीला लागून. हत्यारं: दोन स्क्रू ड्रायव्हर, रिंग पान्यांचा अर्धामुर्धा संच (त्यातला १० चा पाना शाबूत), एक साधा मल्टिमीटर आणि होल्डरसकट ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. नोंदी शाळेच्या टाचण वहीच्या मागच्या पानांवर लिहिल्या होत्या. इथे उतरवताना शुद्धलेखन तेवढं नीट केलं आहे, चुकलेले अंदाज तसेच ठेवलेत.

४ एप्रिल २०२४, गुरुवार

पाडवा पाच दिवसांवर. घरातले सगळे पडदे आणि चादरी धुवायला काढलेल्या. धुणं झालं. पिळायच्या बाजूला कपडे टाकून झाकण लावलं, टायमर फिरवला, तर नुसतं ‘घूंऽऽ’. ड्रम जागचा हलेना. आईने दोन-तीनदा झाकण उघडून पुन्हा आपटलं. आमच्याकडे टीव्हीपासून मिक्सरपर्यंत हाच पहिला उपाय असतो. मिनिटभरात गरम वास आला म्हणून प्लग काढला.

पडदे हातांनी पिळले. एक टोक माझ्याकडे, एक बायकोकडे. दोघांच्याही पाठी भरून आल्या.

५ एप्रिल

मेकॅनिकला फोन केला. न बघताच म्हणाला, “सर, मोटर गेली असंल. अठ्ठावीसशे लागतील.” कशावरून, विचारलं. “आवाज येतोय अन् फिरंना, मंजी मोटरच.” आवाज येतो म्हणजे मोटरीपर्यंत वीज पोचते आहे, एवढं मलाही कळतं. फिरत नाही ते कशामुळे, हा प्रश्न वेगळा. पाडव्याच्या गर्दीत तो १५ तारखेच्या आत येणारही नव्हता.

म्हटलं, आपणच खोलू. आईचं म्हणणं: “नऊ वर्सं चाललंय ते. आता तू खोलून इस्कोट करू नकोस.”

७ एप्रिल, रविवार

सकाळी ऊन चढायच्या आत मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. प्लग काढून वायर गुंडाळून वर ठेवली, म्हणजे घरातलं कुणी चुकून लावणार नाही. मागचा पत्रा सहा स्क्रूंवर होता. दोन गंजलेले निघाले.

आत बघितल्यावर वाटलं, एवढंच? डावीकडे धुण्याची मोटर; तिच्यावरून पट्टा गिअरबॉक्सकडे जातो आणि गिअरबॉक्स टबाच्या तळाची ती चकती (पल्सेटर) उलटसुलट फिरवतो. उजवीकडे पिळायची मोटर, तीन स्प्रिंगांवर उभी. तिच्या दांड्यावर ब्रेकचा ड्रम आणि त्यावरच थेट कपडे पिळायच्या ड्रमचा दांडा बोल्टने जोडलेला. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. मोटर मिनिटाला १३००–१४०० फेरे घेते, तेवढेच फेरे कपडे घेतात.

हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामा करणं भाग होतं. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहू शकते. काही जण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढतात. मी तसं केलं नाही. होल्डरच्या दोन तारा कपॅसिटरच्या टोकांना लावल्या. बल्ब पेटला नाही, पण थोडी वीज उरली असली तरी ती त्यातून निघून जाते. तरी दोन्ही बाजूंना लावून बघितलं. यासाठीच तो पिवळा बल्ब जपून ठेवला आहे, एलईडीने हे काम होत नाही.

मग तपासलेल्या गोष्टी:

झाकणाचा स्विच: झाकण लावल्यावर जोडतो, उघडल्यावर तोडतो. ठीक.

ब्रेकची वायर: झाकण लावलं की ती ब्रेकचा गुटका ड्रमपासून ओढून धरते. ही वायर ढिली पडली तर ब्रेक लागलेला राहतो आणि मोटर अगदी अशीच घरघरते. इथे गुटका नीट सुटत होता. तरी एक घर ताणून लावली.

ड्रम हाताने फिरवून: झाकण बंद ठेवून मागून ब्रेकचा ड्रम फिरवला. फिरतो. किंचित जड.

मोटरीचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी): तीन तारा. एका जोडीत ५२ ओम, दुसरीत ८१, आणि दोन टोकांत १३३. बेरीज जुळते. म्हणजे कुठे तुटलेलं नाही.

कपॅसिटर: एकाच डबीत दोन, १० आणि ५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. तारा काढून मोजला. १० ची बाजू (धुण्याच्या मोटरीची) ९.७. ५ ची बाजू (पिळायच्या मोटरीची) २.९.

सापडला! ही मोटर एका फेजवर चालते. मुख्य वाइंडिंग एकटं असेल तर ते नुसतं थरथरतं, कुठल्या दिशेने फिरायचं हे त्याला ठरवता येत नाही. दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटरमधून थोडा पुढे-मागे झालेला प्रवाह मिळाला की पहिला धक्का बसतो. जात्याचा खुंटा मधोमध आपल्याकडे नुसता ओढत राहिलं तर जातं फिरेल का? खुंटा जरा बाजूला न्यावा लागतो. कपॅसिटर ते काम करतो. तो निम्म्यावर आला की धक्काही निम्म्यावर.

बायकोला हे जात्याचं उदाहरण देऊन समजावलं. ती म्हणाली, “पिळायचं कधी सुरू होणार ते सांगा.”

८ एप्रिल

शाळा सुटल्यावर गंजगोलाई, लातूरची गोल बाजारपेठ. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि स्पेअरचं दुकान नेमकं आपण निवडलेल्या रस्त्यावर नसतं. तिसऱ्या रस्त्यावर सापडलं. दुकानदाराकडे १०+५ नव्हता, १०+६ घ्या म्हणाला, “पळंल अजून जोरात.” घेतला नाही. जास्त मायक्रोफॅरड म्हणजे दुसऱ्या वाइंडिंगमधून कायमचा जास्त प्रवाह, म्हणजे जास्त तापणं. दोन दुकानं पुढे १०+५ मिळाला, १६० रुपये.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारली, कडुनिंबाची गोळी खाल्ली, आणि साडेदहाला स्पिनर पहिल्या झटक्यात फिरला. आईने मशीनला हळदी-कुंकू लावलं. १६० रुपयांत काम झालं म्हणून मेकॅनिकला फोन करून सांगायचा मोह झाला होता. केला नाही, हे बरं झालं.

१४ एप्रिल, रविवार

एक वेगळंच निघालं. ओल्या हाताने मशीनच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, असं बायको म्हणते. आई म्हणते, “ते तर उन्हाळ्यात येतातच.” उन्हाळ्यात येतातच म्हणजे? दर उन्हाळ्यात हे चालू होतं आणि मला कुणी सांगितलं नाही.

मल्टिमीटरने फेज–न्यूट्रल २२८ व्होल्ट. फेज–अर्थ १४० च्या आसपास, आकडा स्थिर नाही. म्हणजे अर्थिंग नावालाच. या कामात स्वतःचं शहाणपण चालवलं नाही, वायरमनला बोलावलं. त्याने अंगणातला अर्थिंगचा खड्डा दाखवला. माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी. कोरड्या मातीतून वीज जमिनीत जाणार कशी? त्याने वरची जोडणी घासून नवी केली, कोळसा-मीठ भरलं, चार बादल्या पाणी ओतलं आणि दर आठवड्याला एक बादली ओतत जा म्हणून सांगितलं. पडवीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) बसवला. मशीनच्या खर्चापेक्षा हा खर्च मोठा झाला. पण मुंग्या आता नाहीत.

(नंतर वाचताना: अर्थिंग खराब होतं हे खरं, पण पत्र्यावर वीज येतच का होती, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारलाच नाही.)

१८ एप्रिल

स्पिनर फिरतो, पण सुरुवातीला अडखळतो. वेग घेताना बारीक चिरचिर.

१९ एप्रिल

पिळताना ईएलसीबी पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. मशीनखाली काळपट, गंजाळलेल्या पाण्याचा ओघळ. हा ओघळ जुना असावा. फरशीवर त्याचा डाग बसला आहे आणि तो एका दिवसात बसणारा नाही.

२१ एप्रिल, रविवार

७ तारखेची नोंद काढून वाचली. ‘फिरतो. किंचित जड.’ स्वतःच लिहिलेलं आणि स्वतःच ओलांडून पुढे गेलेलो. मुलांच्या वहीत असं काही दिसलं असतं तर लाल शाईने गोल केला असता.

आज पूर्ण उघडायचं ठरवलं. पिळायचा ड्रम वर काढायचा तर खाली मोटरीजवळचा जोड सोडवावा लागतो: लॉक नट आणि बोल्ट, १० चा पाना. बोल्ट जागचा हलेना. गंजाने नट-बोल्ट एकजीव झालेले. पाना निसटून बोटाचं साल निघालं. गंज सोडवायचा स्प्रे मारला, अर्ध्या तासाने पुन्हा मारला, मग रात्रभर तसंच ठेवलं. घाईने जोर लावला असता तर बोल्टचं डोकं तुटलं असतं आणि मग दांडा ड्रिल करत बसावं लागलं असतं.

२२ एप्रिल

पहाटे पाचला, बाकीचे झोपेत असताना, बोल्ट ‘टक्’ करून सुटला. अशा आवाजाचं सुख ज्याने गंजलेला बोल्ट सोडवलाय त्यालाच कळेल. शेजारचा कोंबडा तेवढा साक्षीला.

ड्रम सरळ वर उचलला. बाहेरच्या टबाच्या तळाशी सापडलेला ऐवज: दोन रुपयांचं नाणं, शर्टाची तीन बटणं, पेनचं टोपण, आणि लहान मुलाचा एक मोजा. मोजा बायकोने लगेच ओळखला. लेक बालवाडीत असतानाचा. ती आता सातवीत आहे.

तळावर आणि दांड्यावर क्षारांचा पांढरा थर, नखाने न निघणारा. आमचं बोअरचं पाणी जड. तांब्याच्या घागरीवर जसा थर बसतो तसाच.

आणि खरा आजार तिथेच होता. टबाच्या तळाला मधोमध भोक असतं, त्यातून दांडा खाली मोटरीकडे जातो. पाणी खाली जाऊ नये म्हणून तिथे रबराचं वॉटर सील असतं, मधोमध बुश आणि दांड्याला घासून बसणारी पातळ ओठासारखी कड. ती कड चामड्यासारखी कडक झाली होती आणि एका बाजूला चिरलेली. दांड्यावरही, जिथे कड घासते तिथे, नखाला लागेल अशी रेघ पडलेली.

सीलच्या बरोबर खाली काय? मोटर. थेंब पडणार तो थेट तिच्या डोक्यावर.

आता सगळं जुळलं. पाणी मोटरीच्या वरच्या बेअरिंगमध्ये जात होतं, म्हणून फिरणं जड. पाणी वाइंडिंगवर जात होतं, म्हणून पत्र्याला मुंग्या, आणि ईएलसीबी बसवल्यावर तो पडायला लागला. कपॅसिटर निम्म्यावर आला होता हेही खरं होतं, पण नव्या कपॅसिटरच्या जोरावर मोटर दहा दिवस त्या जड बेअरिंगला ढकलत राहिली, इतकंच.

२३ एप्रिल

मोटर काढली. स्प्रिंगांचे बोल्ट सोडण्याआधी चार बाजूंनी फोटो काढले. तारांचे रंग लक्षात राहतील या भ्रमात कुणी राहू नये.

शेतीच्या मोटारी भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याच्या दारात विहिरींच्या पाणबुडी मोटारींची रांग लागलेली. माझी ही एवढीशी मोटर बघून हसला, पण मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन ०.३ मेगाओम. “किमान १ तरी पाहिजे सर. जळाली नाही, भिजली आहे. उन्हात ठेवा.”

लातूरमध्ये एप्रिलमध्ये उन्हाला तोटा नाही.

२४ व २५ एप्रिल

मोटर गच्चीवर, पापडांच्या शेजारी. वर जुनी चाळणी पालथी, कबुतरांसाठी. आईने पापड उलटले तशी मोटरही उलटली.

२६ एप्रिल

मेगर: २० च्या वर. वाइंडिंग वाचलं.

रिवाइंडिंगवाल्याने पुलरने दोन्ही बेअरिंग काढली. वरचं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर वाळू भरल्यासारखं. नंबर ६२०२ झेडझेड. म्हणजे आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी नाही. म्हणून त्याच नंबरचं, पण रबरी झाकणांचं, टू-आरएस मागितलं. तो म्हणाला, रबरामुळे थोडं घट्ट फिरेल, चालेल. खालच्यालाही तेच बसवलं. नवं बेअरिंग हातोडीने बसवायला गेलो तर त्याने हात धरला: आतल्या कड्याला पाइपचा तुकडा लावून दाबायचं, बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. पैसे फक्त बेअरिंगचे घेतले. त्याचा मुलगा आमच्या शाळेत होता, हे मला नंतर कळलं.

२७ एप्रिल

वॉटर सील आणलं, घरी येऊन बघतो तर मोठं. बाहेरची कड भोकात बसेना.

२९ एप्रिल

जुनं सील पिशवीत घालून पुन्हा गोलाईत. दुकानदार म्हणाला, “सर, आधीच म्हणलो असतो, जुनं आणा मग बोला.” भिंतीवर खिळ्यांना किमान तीस प्रकारची सीलं टांगलेली, लांबून सगळी सारखी. जुन्यावर नवं ठेवून जुळवलं. १३० रुपये. मोठं सील परत घेतलं नाही. ज्या कुणाकडे मोठ्या भोकाचं मशीन असेल त्याच्यासाठी ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.

३० एप्रिल ते ८ मे

काम बंद. मतदानाची ड्यूटी. प्रशिक्षण, मग ६ तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर, ७ ला मतदान, परत यायला मध्यरात्र. घरी कपडे हाताने. बायको माझ्याशी मोजकंच बोलते.

१२ मे, रविवार

जोडणी. दांड्यावरचा क्षार लिंबाच्या फोडीने आणि थोड्या व्हिनेगरने मऊ केला. मग ४०० चा पॉलिश पेपर, नंतर ८००, पाणी लावून. लांबीच्या दिशेने घासायचं नाही, दांड्याभोवती घासायचं. उभे ओरखडे राहिले तर त्यातूनच पाणी उतरतं. रेघ पूर्ण गेली नाही, पण नखाला लागेनाशी झाली. सीलच्या आत सिलिकॉनचं ग्रीस भरलं, कडेला बोटाने लावलं.

सील बसवताना रबर आत दुमडत होतं. लेकीने साबणाचं पाणी लावायची युक्ती काढली. बांगडी हातात घालताना लावतात तसं. बसलं.

ड्रम लावण्याआधी परीक्षा: टबात एक बादली पाणी, खाली वर्तमानपत्र. दहा मिनिटांनी कागदावर रुपयाएवढा ओला डाग. जीव खाली गेला. टॉर्चने बघितलं तर दांड्याकडून नव्हे, सीलच्या बाहेरच्या कडेने येत होतं. एका जागी कड खाचेत बसलीच नव्हती. पुन्हा साबण, पुन्हा बोटं. दुसऱ्या परीक्षेला तासभर कागद कोरडा. त्यावरचं शब्दकोडं लेकीने तेवढ्यात सोडवलं.

मोटर, ब्रेक, जोड, लॉक नट. बोल्टला थोडं ग्रीस, पुढच्या वेळी पहाटे पाचला उठावं लागू नये म्हणून. रिकामा ड्रम फिरवला: आवाज नाहीच म्हणा ना, नुसती हवा. ईएलसीबी शांत.

१४ मे

चार चादरी. ठीक.

१७ मे

खाली पुन्हा एक थेंब. एकच. पण थेंब.

१९ मे, रविवार

नवं सील पाच दिवसांत का हरेल? आज काहीही न उघडता फक्त बसून बघायचं ठरवलं. आईला म्हटलं, तू रोज करतेस तसंच कर, मी मध्ये बोलणार नाही.

आईची पद्धत अशी. मशीनशेजारी एक निळं प्लास्टिकचं पिंप, अर्ध्यातून कापलेलं. मशीनचा पाणी सोडायचा पाइप ती या पिंपाच्या काठावरून आत टाकते. साबणाचं पाणी संडासात आणि अंगणात, खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या धुण्याच्या पहिल्या फेरीला. नळ आमच्याकडे आठवड्याने येतो. शिवाय आईने २०१६ पाहिलंय. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं; पहिली गाडी १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटरची. गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले होते. त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात वापरलेलं पाणी थेट मोरीत जात नाही. त्यात चूक काढायची माझी हिंमत नाही, आणि इच्छाही नाही.

धुण्याचं पाणी सोडलं. पिंपात धार पडायला लागली. थोड्या वेळाने धार थांबली. आईने तिकडे पिळायला कपडे टाकले, झाकण लावलं. लेक तिथेच उकिडवी बसली होती. म्हणाली, “पप्पा, पिळायच्या टबातपण पाणी आलंय.”

झाकण उघडून बघितलं. खरंच. कपड्यांच्या ड्रमच्या बाहेर, टबात, पाणी उभं. लेकीने पट्टी बुडवली: १८ सेंटिमीटर. मग मीही टेप आणला. पिंपाचा काठ जमिनीपासून ५१ सेंटिमीटर. पिळायच्या टबाचा तळ ३३ वर.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनला पाणी उपसायचा पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. दोन्ही टबांचे रस्ते खाली एकाच डबीत मिळतात. पाइपचं तोंड ५१ सेंटिमीटरवर धरलं की मशीनमधलं पाणीही ५१ पर्यंतच उतरणार, पुढे नाही. बाकीचं दोन्ही टबांत उभं राहणार. आणि त्या उभ्या पाण्यात स्पिनर १३०० फेऱ्यांनी फिरणार. मोटरीला ते ओझं, सीलवर सतत वरून दाब, कड तापणार, कडक होणार, चिरणार. आठ वर्षं हेच.

जोडलेल्या भांड्यांत पाणी सारख्याच पातळीला येतं. हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात दोन बाटल्या आणि सलाइनची नळी घेऊन करून दाखवतो. लेकीनेही तो बघितलाय. ती काही बोलली नाही, नुसती पट्टी पुसत होती. ते जास्त लागलं.

मशीनच्या माहितीपत्रकात पाइप जमिनीलगत ठेवा असं लिहिलेलं असतं. आमचं माहितीपत्रक कपाटात, पिशवीत, सील न फोडलेलं.

२० मे

आईला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मंजी मीच बिघडवलं व्हय?” तसं नव्हतं, आणि तसं म्हणायचंही नव्हतं. म्हटलं, पिंप उंच आहे, तुझी चूक नाही. ती म्हणाली, “मग पिंप बदल. पाणी मी मोरीत सोडणार न्हाई.”

२२ ते २५ मे

पर्याय १: मशीन दीड फूट ओट्यावर. पाणी पिंपात उतारानेच जाईल. पण मग आईचा हात धुण्याच्या टबाच्या तळाला पोचणार नाही. रद्द.

पर्याय २: लोखंडी अँगलचं स्टँड. हाच प्रश्न, वर पिळताना ते थरथरणार. रद्द.

पर्याय ३: गवंडी सिमेंट कालवायला वापरतात तो पसरट टप, काठ २२ सेंटिमीटर. ३३ च्या बराच खाली. पण त्यात ४० लिटरच मावतं आणि भरल्यावर ते पिंपात नेणार कोण? आईची कंबर? उत्तर डोळ्यांसमोर खिडकीत लटकत होतं. कूलर. त्याचा छोटा बुडता पंप, १८ वॅटचा, पाच फूट सहज चढवतो. नवा पंप २५० रुपयांना आणला, टपात ठेवला, नळी पिंपात सोडली. पाण्यात विजेचं यंत्र ठेवतोय म्हणून तो ईएलसीबीच्याच लाइनवर, आणि टपात हात घालायचा तर आधी पिन काढायची, हा नियम भिंतीवर लिहून लावला.

पहिल्याच दिवशी पंप तंतूंनी चोंदला. पाइपच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा दोऱ्याने बांधला. रोज तो काढून झटकायचा. झटकायचं काम लेकीकडे, दर आठवड्याला दहा रुपयांच्या बोलीवर.

२६ मे, रविवार

१७ तारखेच्या थेंबाचा निकाल. सील काढून बघितलं: कड शाबूत, पण दांड्यावरच्या त्या जुन्या रेघेवरच ती घासत होती. सीलच्या वर एक पातळ नायलॉनचा वॉशर टाकून ड्रम दीड मिलिमीटर उचलला, कड आता रेघेच्या खालच्या गुळगुळीत जागी बसते. पिळताना टब कोरडा, खाली कागद कोरडा.

२ जून

आठवडाभर कागद कोरडा. कागद काढला.

आजवरचा खर्च, अर्थिंग सोडून: कपॅसिटर १६०, बेअरिंग दोन मिळून २४०, सील १३०, चुकीचं सील ११०, स्प्रे आणि ग्रीस २१०, पॉलिश पेपर ३०, टप ३२०, पंप २५०. एकूण १४५०. अठ्ठावीसशेची नवी मोटर बसवली असती तर तीही याच सीलखाली उभी राहिली असती.

९ जून, रविवार

मृग लागून दोन दिवस झाले. काल रात्री पहिला मोठा पाऊस. अर्थिंगच्या खड्ड्यावर बादली ओतायचं काम आता आभाळाकडे. आईने पिंप पागोळीखाली सरकवलं आहे, त्यामुळे पंपाची नळी पोचत नाही; दोन फूट नळी जास्तीची आणावी लागेल.

दुपारी शाळेचे शर्ट धुताना डावीकडून, धुण्याच्या बाजूने, नवा आवाज. पट्टा चिरकतोय. आईने माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे, आणि काही न बोलता १० चा पाना आणून ओट्यावर ठेवला.